दसऱ्याला बंद केलेलं मशीन

काळुरामशेठना रोह्याच्या आपल्या कंपनीत दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे रंगाची रसायनं आणि दुसरा त्यांचा भाचा धनेश. रसायनांतलं त्यांना खरंच कळत होतं. भाच्याच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद होता.

सहा महिन्यांचा कोर्स तीन महिन्यांत सोडून आलेल्या धनेशच्या दारावर 'कॉम्प्युटर विभागप्रमुख' अशी पितळी पाटी होती. विभागात प्रमुख सोडला तर एकच माणूस होतं, सुरभी. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मनाशी म्हणत ती दोघांचं काम एकटी करायची.

सुरभी कासूच्या बाजूला मिठागरात राबणाऱ्या जनीची मुलगी. पनवेलला डिप्लोमा करून ती मुलाखतीला आली, तेव्हा शेठनी तिचे कागद उघडलेसुद्धा नाहीत. धनेशकडे बघून म्हणाले, "पोरींना मशिनीतलं काय कळतंय?" धनेश खो खो हसला. तरी तिला घेतली, कारण तेवढ्या पगारात दुसरं कोणी येईना. घेतली ती तात्पुरती, आणि दीड वर्ष झालं तरी ती तात्पुरतीच होती.

नव्व्याण्णव साली एका परदेशी गिऱ्हाइकाने कळवलं की यापुढे ऑर्डरी आणि रंगाच्या कृती फॅक्सवर नकोत, इंटरनेटवरून पाठवा, पण वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात. शिवाय समोरचं मशीन तुमचंच आहे याचं डिजिटल प्रमाणपत्र हवं. धनेश म्हणाला, "सोपं हाय मामा," आणि चहा मागवला.

ते सोपं काम करायला सुरभीला चार महिने लागले. प्रमाणपत्र देणाऱ्या बाहेरच्या कंपनीला ही कंपनी खरी आहे हे पटवायला तिने नोंदणीचे कागद तीनदा धाडले. त्यातला पहिला अर्ज धनेशने भरला होता आणि कंपनीच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं होतं. शेवटी प्रमाणपत्र आलं. धनेशने ते छापून काढलं, फ्रेम केलं आणि शेठच्या खुर्चीमागे टांगलं. तिथे ते कुणाच्या काय कामाचं होतं, देव जाणे.

खरी नाजूक गोष्ट होती ती सर्व्हरमधली, म्हणजे ऑर्डरी घेणाऱ्या मशीनमधली गुप्त किल्ली. सांकेतिक मजकूर तिच्याशिवाय उघडत नव्हता. कुणी चोरली तरी वापरता येऊ नये म्हणून सुरभीने तिला परवलीचं वाक्य लावलं. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं की ते वाक्य टाकावंच लागे. जन्मात विसरणार नाही असं एक वाक्य तिच्या मनात तयारच होतं.

तिने ते कागदावर लिहून पाकिटात घातलं, वर लाख लावली आणि शेठच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, मी नसले तर लागेल. तिजोरीत ठेवा."

"पाकिटं आमी सरकारी साहेबांना देतो," शेठ म्हणाले. "आमाला कोण देत नाय. धनेश हाय ना, ने ते परत."

तिने ते परत नेलं आणि फाडून टाकलं.

पहिली चाचणी ऑर्डर नेमकी दसऱ्याला दुपारी चारला येणार होती. ती बघायला गिऱ्हाइकाच्या मुंबई कचेरीतून भाविका मॅडम येणार होत्या. ऑर्डर आली की कायम करतो, असं शेठ बोलले होते. नेमणुकीचं पत्र टाईप होऊन त्यांच्या खणात पडलं होतं, फक्त सही बाकी होती. आदल्या दिवशी सुरभीने हे घरी सांगितलं, तर जनी म्हणाली, "कागद हातात येऊ दे गो, तवर नाचू नको."

दसऱ्याला कंपनीत प्रत्येक यंत्र बंद करून पुजायची रीत. बॉयलरपासून पोती शिवायच्या मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. सुरभीने धनेशला दोनदा बजावलं होतं, "सर्व्हरला चालू असतानाच फूल वाहा." मग शेठनी तिला आत प्रसादाचं खोबरं खवायला पाठवलं. बाईमाणूस दुसरं कशाला असतं!

साडेतीनला धनेश पितांबर नेसून आला. "चालत्या मशीनची कुठं पूजा असते?" असं म्हणत त्याने प्लग ओढला, मशीनला माळ घातली आणि नारळ फोडला.

पावणेचारला भाविका मॅडमसमोर त्याने मशीन सुरू केलं. मशीनने परवलीचं वाक्य मागितलं. धनेशने शेठचं नाव घातलं, मग कुलदैवताचं, मग स्वतःचं. मशीन ढिम्म. चाराला पाचच मिनिटं उरली. धनेशला घाम फुटला आणि शेठ ओरडले, "सुरभीला बोलवा!"

ती खोबऱ्याच्या हातांनी आली. "सरका, मी टाकते."

"नको, तो बसलाय ना," शेठ म्हणाले. पाहुणीपुढे भाच्याची लाज जायला नको होती. "तू नुसतं सांग."

सुरभीने खणाकडे पाहिलं. खरं बोलली तर पत्र गेलं. नाही बोलली तर ऑर्डरही गेली आणि पत्रही गेलं. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त, दीड वर्षाचा राग आला.

"पोरींना मशिनीतलं काय कळतंय," ती मोठ्याने म्हणाली. "सलग टाका, मधे जागा नको."

धनेशच्या बोटांना ते वाक्य अक्षर अक्षर टाकावं लागलं. मशीन लगेच सुरू झालं आणि चार वाजून दोन मिनिटांनी ऑर्डर आली.

भाविका मॅडमनी पेन उघडलं. "करारात जबाबदार माणसाचं नाव लागतं. कायम नोकरीतला हवा. कुणाचं लिहू?"

शेठनी भाच्याकडे पाहिलं. भाचा माळेतला झेंडू कुस्करत होता.

"सुरभीचं लिवा," शेठ म्हणाले.

"कायम आहे ना?"

शेठनी खण उघडला आणि सगळ्यांदेखत सही केली. "हाय," ते म्हणाले. मग हळूच सुरभीला म्हणाले, "ते वाक्य तेवढं बदल गो."

तिने त्याच संध्याकाळी बदललं. नवं वाक्य पाकिटात घालून, लाख लावून टेबलावर ठेवलं. या वेळी शेठनी पाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि तिजोरीत ठेवलं. आत आपलं कुठलं बोलणं लिहिलंय, हे उघडून बघायची त्यांची छाती मात्र कधीच झाली नाही.