उणे तीनचा वर्ग

मुलींच्या त्या अंधशाळेत गणित आठवीनंतर संपायचं. दहावीच्या फॉर्मवर गणिताच्या जागी संगीत. बोर्डाने दिलेली ती सवलत होती, ज्याला हवी त्याने घ्यावी अशी. पण मुख्याध्यापक अरविंदसरांनी ती बावीस वर्षं सरसकट सगळ्यांना प्रसादासारखी वाटली होती. मुलींना गाता येतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. दहावीतल्या जुईचा आवाज तर असा, की ती सूर लावायची तेव्हा पेटी वाजवणारे मास्तर खिडकीबाहेर बघायचे.

शाळेचं नाव मात्र भोपाळभर. दिवाळीआधी चार इमली या अफसरांच्या वस्तीतून साहेबांच्या बायका यायच्या, मुलींनी केलेल्या मेणबत्त्या बघून डोळे पुसायच्या, अभिप्रायाच्या वहीत 'अद्भुत' लिहायच्या आणि समोसे खाऊन जायच्या. फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, दहावीचा निकाल शंभर टक्के. मृणाल देवपुजारी गणित शिकवायला इथे आली आणि दोन वर्षांत तिला त्या फळ्याची शिसारी आली. जिथे काही मागितलंच जात नाही, तिथे नापास कोण होणार!

जुईला पुढे कॉम्प्युटर शिकायचं होतं. दहावीला गणित नसेल तर ती वाट बंद. मृणालने तिला शाळा सुटल्यावर नववी-दहावीचं सगळं गणित शिकवलं होतं, आणि आता फॉर्म भरायला चार दिवस उरले होते.

"गणित?" अरविंदसर हसले होते. "मॅडम, तुम्ही फार जज्बाती होता. बिचारीला कशाला परेशान करता? फेल झाली तर?"

शेवटी एक चाचणी ठरली. पेपर तपासायला टी. टी. नगरातल्या दुसऱ्या शाळेत जाणार, शंभरपैकी साठ गुण पडले तर फॉर्मवर गणित. जुई सांगेल ते लिहून घ्यायला ऑफिसातले तुषारबाबू बसले. माणूस मऊ मनाचा; इतकी वर्षं शाळेतल्या परीक्षांत मुलींचं तेच लिहून द्यायचे.

पेपर परत आला. एक्केचाळीस.

सरांनी मुद्दाम जुईलाही बोलावलं आणि पेपर टेबलावर टाकला. "बघा. मी म्हणत होतो ना? आता हिचं मन दुखलं ते कोणामुळे?"

मृणालचा चेहरा उतरला. क्षणभर तिला जुईचाच राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली. जुई भिंतीशी उभी होती. मृणालने पेपर उचलला. पहिलाच प्रश्न, उणे तीनचा वर्ग. उत्तर लिहिलं होतं उणे नऊ. हे जुई चुकणं शक्यच नव्हतं. पेपरच्या मागे जाड कागद टाचलेले होते.

"हे काय?"

"रफ काम," दारातून तुषारबाबू म्हणाले. "आधी माझ्यासमोर टोचत बसली, मग सांगितलं. लावून दिलं मागे."

मृणालने ब्रेलच्या पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. नऊ. नुसते नऊ.

"तुषारबाबू, हिने काय सांगितलं होतं?"

"नऊच म्हणाली. पण मॅडम, प्रश्नात उणे होतं. बिचारी विसरली असेल, म्हणून मी लावून दिलं. अजून बऱ्याच जागी पण मीच संभाळून घेतलं."

मृणालला हसावं की ओरडावं कळेना. दयेने एवढं नुकसान केलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने ते कागद पेपरपासून सोडवले आणि सरांपुढे ठेवले. "हा खरा पेपर. हा तपासा."

सरांनी वरचा कागद हातात घेतला. फिरवला. चष्मा वर केला, खाली केला. भिंतीला ओल आली आहे का बघावं तसा त्यावर तळवा फिरवला.

"यात लिहिलंय काय?"

"तुम्हीच वाचा ना, सर."

बावीस वर्षं आंधळ्या मुलींची शाळा चालवणाऱ्या माणसाला ब्रेलचं एक अक्षर येत नव्हतं. मृणालला त्याची कीव करावीशीही वाटली नाही.

जुई पुढे आली. टेबल चाचपत तिने सरांच्या हातातला कागद हलकेच काढून घेतला आणि त्यावर बोटं ठेवली.

"सर, तुम्ही हा पालथा धरला होता," ती म्हणाली. कागद उलटून तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मृणाल पेपरसोबत आलेली उत्तरसूची घेऊन एकेक खूण करत गेली. शेवटी बेरीज झाली ब्याऐंशी.

सर बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "तुषार, हिच्या फॉर्मवर संगीत काटा. गणित लिहा."

"सर," जुई म्हणाली, "फॉर्म मॅडमना भरू द्या. तुषारबाबू परत सुधारून लिहितील."