कपची

टक्. पहाटेच्या शांततेत तो बारीक आवाज उमटला आणि चुलीशी बसलेल्या गालेनं मान वर केली. कातडं तासायच्या कपच्या काढताना गारगोटीवर दगड पडल्याचा आवाज. जन्मल्यापासून ओळखीचा.

ती लगबगीनं अंगणात आली. काल रात्री उशिरा खेड्यातून आलेली तिची आई ओर्काते पाय पसरून बसली होती. पुढ्यात बैलाचं अर्धवट तासलेलं कातडं, शेजारी नात कुनाने.

"आई, इथं नको गं."

"का? शहरात दगड फुटत नाही होय?"

"घरमालकीण उठेल."

"उठू दे की. ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपायचं का तिनं?"

कातडं तासणाऱ्या बायकांच्या हातचं शेतकऱ्यांची घरं खात नाहीत, हे कोन्सोच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर काराट शहराच्या बाजारपेठेत खोली घेताना गालेनं आपण शेतकऱ्याघरच्या म्हणून सांगितलं होतं. घरमालकीण बिलोते रोज तिच्या हातची कॉफी प्यायची. बिलोतेचा मुलगा कुनानेबरोबर एकाच ताटात ज्वारीचे मुटके खायचा.

आजीनं कमरेच्या पिशवीतून तळहाताएवढा एक जुना दगड काढून नातीच्या मांडीवर ठेवला.

"ओढ्यात सापडला. आपल्या कितीतरी आधीच्या माणसांचा. बघ, दोन्ही बाजूंनी टवके काढलेत. त्याच्याही आधी कुणीतरी नुसताच दगड फोडला असेल, धार दिसली असेल. मग कुणाला तरी पातळ कपची काढता आली. मग कुणीतरी ती डिंकानं दांड्यात बसवली. एकेकीनं आपल्या लेकीला थोडं थोडं पुढचं दाखवलं."

"मग आईला तू दाखवलंस?"

"दाखवलं तर. तुझ्या आईचा हात माझ्याहून हलका."

गालेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कपच्या भराभर फुटक्या मडक्यात गोळा करायला घेतल्या. ओर्काते म्हणाली, "वेशीबाहेर काटेरी झुडपांत टाकून ये हो. वाटेत एकसुद्धा पडू देऊ नकोस." ते सांगायची गरज नव्हती. जिची कपची वाटेवर सापडते, तिला पुन्हा कुणी कातडं देत नाही. ओर्कातेची आजवर कधी सापडली नव्हती. तेवढा एकच तोरा ती मिरवायची.

पण मडकं घेऊन भर गल्लीतून कसं जायचं? हे मडकं कसलं ते कुणीही ओळखलं असतं. गालेनं ते परसातल्या उकिरड्यावर रिकामं केलं आणि वर राख लोटली.

दुपारी बिलोतेच्या मुलाचा चेंडू तिकडे गेला.

बिलोते पोराला कडेवर घेऊन, त्याचा रक्ताळलेला पाय धरून आली. तिच्या बोटांत कपची होती. "गाले, ही आपल्या परसात कुठून आली? आणि ही म्हातारी कोण गं? कातडं घेऊन बसलीय ती?"

आई समोरच बसली होती. कुनाने तिच्या पाठीला रेलून उभी होती.

"कोण जाणे," गाले म्हणाली. "कातडी विकायला आलीय. पाणी मागितलं, म्हणून बसवलं."

ओर्कातेनं लेकीकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"माझंच चुकलं, बाई," ती बिलोतेला म्हणाली. "मीच टाकल्या तिथं. म्हातारपणी भान राहत नाही. शेवग्याचा पाला ठेचून लावा, रक्त थांबेल."

"एवढ्या वयाची झालीस, तुम्हा लोकांना वाटेचं भान नको?"

"नको कसं, बाई."

ती उकिरड्याशी जाऊन बसली. राख चाळत तिनं एकेक कपची वेचली, पदरात घेतली, पुन्हा हात फिरवून पाहिला. कातडं गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि फाटकाकडे निघाली. बिलोते बघत होती, म्हणून गाले जागची हलली नाही.

बिलोते आत गेल्यावर गालेनं कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. कुनाने दारात बसली होती. तो जुना दगड तिनं पुन्हा मांडीवर घेतला होता.

"आई," ती म्हणाली, "आजी परत आली की मी तिला काय म्हणून हाक मारायची?"