गप्प घंटा

अक्षतानं ऑफिसातल्या खुर्चीवर चढून घंटेची वायर ओढून पाहिली. घट्ट होती. तरी दसऱ्यानंतरची पहिली भट्टी लागल्यापासून घंटा एकदाही वाजली नव्हती, आणि उचगावची ती फौंड्री त्यावर बेहद्द खूश होती.

"देवी पावली बघ!" भट्टीवरून तिचे वडील, आण्णा, ओरडले. "आज पाणी एकदम गार हाय."

एरवी भट्टीभोवतीच्या नळ्यांतलं पाणी तापलं, की ऑफिसातला जुनाट पेंटियम कॉम्प्युटर घंटा वाजवायचा आणि आण्णा गार पाण्याचा दुसरा कॉक सोडायचे. नळी फुटून पाणी वितळलेल्या लोखंडावर पडलं, तर तिथल्या माणसाची राखही हाती लागली नसती.

तिची नजर कॉम्प्युटरवरच्या झेंडूच्या माळेवर गेली. खंडेनवमीला आण्णांनीच तो हौसेनं खोलून पुसला होता. आत नेटवर्कची दोन कार्डं, एक ऑफिसचं, दुसऱ्यावर भट्टीच्या पाण्याचं तापमान यायचं. भट्टीचं कुठलं ते चुकू नये म्हणून त्यांनी त्याच्या पत्र्याला कुंकू लावलं होतं, आणि भट्टीची वायर बरोबर त्यालाच जोडली होती.

तिनं मागून वाकून पाहिलं. कुंकू खालच्या खाचेत होतं. पूजेआधी हे कार्ड वर असायचं.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सला कुंकू कुठलं दिसायला? वरच्या खाचेत सापडेल त्या कार्डाचं नाव eth0, खालच्याचं eth1. भट्टी आता eth1 झाली होती, आणि कॉम्प्युटर eth0 वर कान लावून बसला होता.

ती धावत सुटली.

"आण्णा, भट्टी बंद करा!"

"खुळी झालीस काय गं?" मालक सयाजी खेकसला. "लोखंड आत गोठलं तर तू फोडणार हाईस?"

तिनं मेन स्विच खाली ओढला.

"नळी बघा. हातानं बघा."

आण्णा हसतच नळीला हात लावायला गेले. हात झटक्यात मागं आला. त्यांनी धावत जाऊन दुसरा कॉक सोडला.

ऑफिसात येऊन तिनं घंटेच्या प्रोग्रॅममध्ये eth0 खोडून eth1 लिहिलं. एंटर दाबताच घंटा कडाडली, ती थांबेचना. कानठळ्या बसल्या. तिनं बंद करायला हात वर नेला.

"ऱ्हाऊ दे." दारात आण्णा होते, भाजलेला हात ओल्या पंच्यात गुंडाळलेला. "वाजू दे की जरा."

आणि ते घंटेखालीच टेकले.