धाकटीच्या दोन डब्या

माझी धाकटी जाऊ वजनकाटे दुरुस्त करते. भाजीच्या दुकानातले नव्हेत, प्रयोगशाळेतले. काचेच्या पेटीत असतात ते, शेजारी कोणी शिंकलं तरी आकडा हलतो. वजनाला ती बोट लावत नाही, चिमट्याने उचलते, कारण बोटाच्या तेलाचंही वजन होतं म्हणे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दिराला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अरे, ही बाई घरात जेवणार कशी, चिमट्याने?"

मी स्वतः रोपवाटिका चालवते. बावीस वर्षं झाली. रासायनिक खताचं एक पोतं माझ्या फाटकातून आत आलेलं नाही, आणि कोणी आणायचा प्रयत्न केला तर पोत्यासकट बाहेर जाईल. माझा स्वभाव हा असा आहे. एकदा म्हटलं की म्हटलं.

मागच्या वर्षी धाकटीच्या गळ्यात गाठ आली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण तिच्याबरोबर थायरॉइडची ग्रंथी अख्खी काढावी लागली. ती ग्रंथी शरीराला जे संप्रेरक देते ते आता जन्मभर गोळीतून घ्यायचं. शिवाय काही महिने कॅल्शियमची वेगळी गोळी. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तासभर कॉफी नाही, दूध नाही. आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर, नाहीतर ते थायरॉइडची गोळी अंगाला लागू देत नाही.

गोळी सुरू होऊन दोन महिने झाले तरी आमची धाकटी काही परत येईना. शरीराने घरात असायची, पण बोलायला लागली की वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. दिवा लावायला म्हणून उठायची आणि भिंतीशी उभी राहायची. वर्कशॉपचे साहेब तसे सज्जन. म्हणाले, "ऑपरेशनपासून आठ महिने तुमचं टेबल राखून ठेवतो. मग हाताची चाचणी घेऊ. जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर पुढे काउंटरवर बसा." काउंटरवर म्हणजे लोकांना न्हाणीघरात ठेवायचे काटे विकायचे, आणि ते आपलं वजन बघून हिच्यावर चिडणार.

"ताई," ती मला म्हणाली, "काउंटरवर मी मरून जाईन हो."

मला कोणाचं दुःख बघवलं नाही की राग येतो. मी तिला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"ही गोळी कारखान्यात बनते ना?" मी विचारलं.

"हो."

"तेच म्हणते मी! नैसर्गिक काही नाही का?"

"आहे की," त्या शांतपणे म्हणाल्या. "डुकराची थायरॉइड ग्रंथी वाळवून, दळून तिच्या गोळ्या करतात. पूर्वी सगळे त्याच घ्यायचे."

मी मांसाला शिवत नाही. पण माघार घेईन तर ती मी कसली! "डुक्कर तर डुक्कर," म्हटलं, "तेही निसर्गाचंच लेकरू आहे."

धाकटी खळखळून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कारखान्यातल्या गोळीत एकच संप्रेरक असतं, शरीरात असतं तसंच हुबेहूब, आणि मोजून घातलेलं. डुकराच्या गोळीत दोन असतात, त्यातलं एक झटपट काम करतं. काहींना त्याने तरतरी वाटते, काहींची छाती धडधडते. बहुतेकांना कारखान्याचीच गोळी पुरते, मात्रा नीट बसायला मात्र वेळ लागतो.

"म्हणजे हिला कोणती मानवेल ते तुम्हालाही माहीत नाही," मी म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

मी जिंकल्यासारखी धाकटीकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, "तपासून बघू या की."

आणि तिथे बसल्या बसल्या तिने जे आखलं, त्याला तोड नाही. डोकं धुक्यात असलेली बाई ती! प्रत्येक प्रकारची गोळी आठ आठवडे. औषधाच्या दुकानातल्या काकांनी दोन्ही गोळ्या सारख्याच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये घालायच्या, दोन डब्या करायच्या, एकीवर त्रिकोण, दुसरीवर गोल. कोणत्या डबीत काय ते पाकिटात बंद करून डॉक्टरीणबाईंकडे. रोज सकाळी नाडी आणि अंगाचं तापमान वहीत लिहायचं. रोज दुपारी घरी टेबलाशी बसून वीस बारीक वजनं चिमट्याने ताटलीत ठेवायची, किती वेळ लागला आणि किती पडली ते लिहायचं. शेवटी रक्त तपासायचं. डॉक्टरीणबाई एवढ्या खूश झाल्या की उठून त्यांनी तिच्याशी हात मिळवला.

"पण मी हल्ली विसरते," धाकटी म्हणाली. "गोळ्या वेळेवर ताई देतील."

असं ते काम माझ्याकडे आलं. मोठ्या मानाचं काम.

आता माझं पाप सांगते. डब्या घरी आल्या त्याच संध्याकाळी मी त्रिकोणाची एक कॅप्सूल उघडून हुंगली. बावीस वर्षं मी हाडांचं खत हाताने कालवतेय, माझं नाक मला फसवत नाही. वाळलेल्या जनावराचा वास! त्रिकोण म्हणजे डुक्कर. कॅप्सूल परत बंद केली आणि तोंडाला कुलूप लावलं. मला वाटलं, नुसतं कळल्याने काय होतंय?

त्रिकोणाचे आठ आठवडे मी घड्याळ लावून पाळले. पहाटे पाचला कॅप्सूल आणि पाणी. सहापर्यंत स्वयंपाकघराचं दार बंद. कॅल्शियम दुपारी. धाकटी तीन आठवड्यांत उठून बसली, पाचव्यात दिराची थट्टा करायला लागली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. तिने वहीत मात्र लिहिलं: नाडी जलद, चिमट्याचं टोक थरथरतं, वीसपैकी सहा पडली. "अगं, होईल सवय," मी म्हटलं. तिने सहाच्या आकड्याखाली रेघ ओढली.

मग गोल डबी निघाली. कारखान्याची. आणि माझं मन त्या डबीवरून उडालं ते उडालंच. म्हटलं, हिचे एवढे नखरे कशाला? रोपांची गर्दीही होती म्हणा, पण ती सबब झाली. पाचला उठायचं मी सोडलं. सात वाजता कॉफीच्या कपाशेजारी वाटीत कॅप्सूल आणि कॅल्शियम एकत्र ठेवायला लागले. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "ताई, दोन्ही एकत्र घेतलं तर चालतं?"

"काका म्हणाले चालतं," मी सांगितलं.

काकांना मी विचारलंच नव्हतं. धाकटीने मान हलवली आणि दोन्ही गिळल्या.

सहाव्या आठवड्यात स्वेटर परत आला. आठव्याच्या शेवटी रक्ताचा अहवाल आला, तोही वाईट. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "ही मात्रा पुरायला हवी होती. कमालच आहे." आणि मी, खरं सांगते, घरी येताना आतून फुलले होते. म्हटलं, बघा तुमचा कारखाना!

चार दिवसांनी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती झोपली होती. टेबलावर साहेबांना लिहिलेलं पत्र होतं, उघडंच. लिहिलं होतं की एका औषधाने माझा हात स्थिर राहत नाही आणि दुसऱ्याने डोकं, दोन्ही नीट तपासून पाहिली आहेत, तेव्हा माझं टेबल दुसऱ्या कोणाला द्यावं, मी काउंटरवर बसेन.

नीट तपासून पाहिली आहेत! गेले आठ आठवडे मी जिंकत होते ना, तर हे जिंकले होते. मनात आलं, पत्र फाडावं. आलं, गुपचूप उद्यापासून पाचला उठावं, कोणाला काय कळणार? पण साहेबांना ती ते पत्र संध्याकाळी देणार होती. मी तिला हलवून उठवलं.

"अगं, ते पत्र देऊ नकोस. चाचणी खोटी आहे. मी खोटी केली."

ती उठून बसली. मी दाराच्या चौकटीला धरून सगळं ओकून टाकलं. हुंगलेलं, सात वाजताचं, कॅल्शियमचं, काकांचं. मध्येच ती ओरडली, "कोणती डबी कोणती ते सांगू नका!" पण माझ्या तोंडून आधीच निघून गेलं होतं. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. तिने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. आदल्या दिवशीचं पान होतं. वर लिहिलं होतं, निकाल असा का आला असेल? खाली यादी. हवा बदलली. झोप कमी. थर्मामीटर चुकीचा, दुसऱ्याशी ताडून पाहिला, बरोबर आहे. कॅप्सूल भरताना काकांची चूक, फोन करून विचारलं, नाही. रक्ततपासणीत चूक, दुसरीकडे परत तपासलं, तेच आलं. सोळा ओळी होत्या. काकांवर शंका, प्रयोगशाळेवर शंका, स्वतःवर पाच शंका.

"यात मी नाही," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज एवढा थंड की मला तिचा स्वेटर घालावासा वाटला. "काकांना फोन केला तेव्हा कॅल्शियमचं विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. मनातच आलं नाही. ताईंनी सांगितलं होतं ना."

त्यापेक्षा तिने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

साहेबांची मुदत संपायला दोन महिने उरले होते. धाकटीने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. गोल डबी, तीच मात्रा, परत आठ आठवडे. घड्याळ ती स्वतः लावायची. भिंतीपलीकडून पहाटे पाचला गजर वाजायचा आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचे. ती विसरेल, गजर बंद करून झोपेल, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागायचा. पण उठून जायची हिंमत नव्हती. घरात ती माझ्याशी मोजकं बोलायची. "मीठ द्या." "दार लोटा." बस्स. दिराने एकदा मध्यस्थी करायला तोंड उघडलं तर दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

आणि ती सुधारली. झटक्यात नाही. त्रिकोणासारखी उडी मारून नाही. एके दिवशी स्वेटर कपाटात गेला. एके दिवशी तिने सांगायला घेतलेली गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. वही ती मला दाखवत नव्हती, पण दुपारी मी पडद्याआडून ऐकायचे. वीस वजनं ताटलीत टेकायची, टिक, टिक, टिक, आणि टेबलावर एकही पडल्याचा आवाज यायचा नाही.

चाचणीच्या दिवशी मी आगंतुकासारखी वर्कशॉपच्या बाकावर जाऊन बसले. तिने मला पाहिलं, घालवलं नाही. काचेतून दिसत होतं. तिने खिडकी लावली, पंखा बंद केला, श्वास धरला आणि काट्याची पेटी उघडली. पाऊण तास तिचा हात पाण्यावर तरंगावा तसा चालत होता. साहेबांनी तीनदा आकडा पाहिला, चौथ्यांदा चष्मा पुसून पाहिला.

"टेबल तुमचं," ते म्हणाले. मग कुतूहलाने विचारलं, "शेवटी कोणती गोळी चांगली निघाली?"

"मला ही बसली," ती म्हणाली. "तेही शेवटी कोणती घेतेय ते मला कळलं होतं, त्यामुळे चाचणी निम्मीच धरा. दुसऱ्या कोणाचं मी सांगू शकत नाही. तपासलेलं नाही."

मी बाकावर खाली मान घालून बसले होते. जे मी बावीस वर्षं फाटकात उभी राहून ठासून सांगत आले, त्यातलं एक तरी मी असं आठ आठवडे तपासलं होतं का? नव्हतं. आणि ही, जिने स्वतःच्या जिवावर तपासलं, ती निम्मंच धरा म्हणत होती. एवढा अभिमान मला स्वतःच्या एकाही झाडाचा कधी वाटला नाही.

संध्याकाळी ती रोपवाटिकेत आली. मी कुंड्या भरत होते, हात मातीने भरलेले. तिने गोल डबी माझ्यापुढे धरली.

"उद्यापासून परत तुम्ही द्या."

"मी?" मला खरंच कळेना. "अगं, तू आता काही विसरत नाहीस."

"नाही विसरत."

"मग? माझा काय भरवसा?"

"ताई, माझ्याकडे रोज काटे येतात," ती म्हणाली. "अगदी बरोबर असा एकही नसतो. काटा किती चुकतो आणि कुठल्या बाजूला, ते एकदा कळलं की मी त्याच्यावर बिनधास्त काम करते. ज्याची चूक अजून सापडलेली नाही, त्याची मला भीती वाटते." मग ती जरा हसली. "तुमची सापडली."

मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही. हात मातीचे होते, म्हणून डबी घ्यायला ते आधी नळाखाली धुतले, चांगले साबण लावून, नखांतली माती जाईपर्यंत. ती डबी धरून उभी होती.

"पाचला," ती म्हणाली.

"पाचला," मी म्हटलं. "नुसत्या पाण्याबरोबर."