ऐकणारी खुर्ची

सगळे त्याला रंग्या म्हणायचे. पुस्तक हाती पडलं की हा पठ्ठ्या पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पिवळ्या पेनाने रंगवत सुटायचा. पान पिवळं झालं की अभ्यास झाला. शरीरशास्त्रात दोनदा आपटला होता, तरी अक्कल काही आली नव्हती. आता पुन्हा आपटला की कॉलेज बंद, आणि बापाच्या दुकानात बसून टायरची पंक्चरं काढायची.

एका दुपारी घरमालकीण मावशी दारात येऊन उभी राहिली.

"पुस्तकाला कावीळ झाली का रे?"

"अभ्यास चाललाय, मावशी."

"मग मिट ते, आणि त्या खुर्चीला समजावून सांग. माझा धाकटा दीर ह्याच खोलीत तिला असंच समजावत बसायचा."

"पास झाले का?"

"पेपराला जाताना ट्रकखाली आला," मावशी म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

रंग्या खाटेवर मांडी घालून बसला. समोर लाकडी खुर्ची, रिकामी. हसू दाबत त्याने सुरुवात केली. "तर साहेब, हृदयाला चार कप्पे. उजव्या बाजूचं रक्त जातं... सगळ्या अंगाला."

खुर्ची करकरली.

वारा नव्हता, मांजर नव्हतं. त्याने पुस्तक उघडलं. उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांकडे जातं, आणि ती ओळ चांगली दोनदा पिवळी केलेली.

मग हे रोजचंच झालं. थाप मारली, घाईत काही गाळलं, नुसतं पाठ केलेलं बडबडलं, की करकर. मानेवर काटा यायचा. पण खोली सोडायची म्हणजे टायर, म्हणून पोरगं घाम पुसत पुस्तक उघडायचं, मिटायचं आणि पुन्हा सांगायचं. पिवळं पेन वाळून गेलं. शेवटी एक दिवस अख्खं पुस्तक सांगून झालं, तरी खुर्ची गप्प.

परीक्षेत शेजारचा बाक रिकामा होता. शेवटच्या प्रश्नाला रंग्या अर्धं आठवून, अर्धं ठोकून द्यायला लागला, आणि बाक करकरला. त्याने निमूट लिहिलेलं खोडलं, डोळे मिटून आठवलं आणि नीट लिहिलं.

निकाल लागला. पास. टायर टळले. त्याच दिवशी सामान बांधून झाल्यावर तो पहिल्यांदाच त्या खुर्चीत टेकला. बैठक उबदार लागली, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

समोर खाटेवरची चादर मांडी घातल्यागत दबली. मग एक आवाज आला. घाबरलेला, अडखळता, बापड्या पोराचा.

"हृदयाला... चार कप्पे. उजव्या बाजूचं रक्त... सगळ्या अंगाला."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पळता आलं असतं. पण आपलं ऐकून घेतलेल्याला असं अर्ध्यावर कसं सोडायचं?

तो मागे टेकला आणि जरासा हलला. खुर्ची करकरली.

खाटेवरचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, पहिल्यापासून.