भोंग्याच्या घशातली उशी

मित्रांनो, मला जुना भोंगा म्हणा, गंजका म्हणा, चालेल. पण बिघडलेला म्हणालात तर याद राखा!

पोटात एक चक्र, बाजूला फिरवायचा दांडा आणि वर रुंद तोंडाचा कर्णा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट किनाऱ्यावरच्या या गावात आलो, आणि बंदर कचेरीच्या गच्चीवर मला बसवलं. दांडा फिरवायचं काम कचेरीच्या राखणदार बाईंकडे होतं. सगळं गाव त्यांना काकू म्हणे. त्या मला तेल देत, कर्णा पुसत आणि विचारत, "काय रे, घसा बरा आहे ना?" वाळत घातलेली जाळी, न्हाव्याच्या दुकानातले आरसे, शाळा सुटल्यावरचा गोंधळ, सगळं मला वरून दिसायचं. माझा जीव जडला या गावावर.

गावाची एक सवय होती. वारा कितीही सुटो, भोंगा वाजल्याशिवाय कोणी घर सोडत नसे. आणि भोंगा वाजला, की चुलीवरचं भांडं तसंच टाकून सगळे टेकडीवरच्या शाळेकडे पळत. एवढा माझा मान!

मग धक्क्याजवळ मोठं हॉटेल उभं राहिलं. एकदा वादळाचा इशारा आला म्हणून काकूंनी मला वाजवलं, आणि वादळ वाट बदलून भलतीकडेच गेलं. हॉटेलातले पाहुणे मात्र घाबरून सामान बांधून निघून गेले. हॉटेलमालकाचं डोकं फिरलं. एका दुपारी काकू भावाकडे जेवायला गेल्या होत्या. मालकाने स्वतः शिडी लावली आणि एक जाडजूड उशी माझ्या कर्ण्यात कोंबली. काठीने ढोसून ढोसून पार घशात बसवली. "आता बोंबल किती बोंबलायचं ते," म्हणाला. इशाऱ्याशिवाय मला वाजवायचं नाही, असा कचेरीचा नियम होता, त्यामुळे कोणाला पत्ताच लागला नाही. तेव्हापासून मी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो आहे. मला बोटं नाहीत, तरीही मोडतो.

चक्रीवादळ आलं ते भर दुपारी. काकूंनी दोन्ही हातांनी दांडा फिरवला. "वाज रे बाबा, वाज!" मी जीव तोडून ओरडलो, आणि बाहेर आलं काय, तर नुसतं घुं घुं. शेवटी काकू स्वतःच ओरडत रस्त्यावर धावल्या, पण त्या वाऱ्यात बाईमाणसाचा आवाज कुठवर पोचणार! काकूंचा भाऊ अगदी पाण्याजवळ राहायचा. त्याची बायको, म्हणजे काकूंची वहिनी, त्याला म्हणत होती, निघूया. तो म्हणाला, "थांब गं, भोंगा कुठे वाजलाय अजून?" लाट घरात शिरली तेव्हाही तो माझीच वाट बघत होता. वहिनी कशीबशी वाचली, भाऊ गेला.

आणि हॉटेलमालक गावभर काय सांगत सुटला? "भोंगा बिघडलेला, आणि बाई झोपलेली!" लोकांना ते पटलं. वहिनीने तर काकूंच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी गच्चीवरून खाली कोसळलो होतो. काकूंनी मला टेम्पोत घालून दूरच्या एका मिस्त्रीकडे नेलं, रडत रडत सगळी हकिकत सांगितली आणि त्या गावी परतल्या. मिस्त्रीने माझा दांडा सरळ केला, घशात बॅटरी मारली आणि आत काय अडकलंय ते बघितलं. मग म्हणाला, "हे इथे नाही काढायचं. गावासमोर काढू."

परत आलो तेव्हा मला माझं गाव ओळखू येईना. न्हाव्याच्या दुकानात होडी घुसली होती. शाळेला छप्पर नव्हतं. रडू आलं, पण त्याहून जास्त आला संताप.

धक्क्यावर शोकसभा भरली होती. हॉटेलमालक रुमालाने डोळे टिपत भाषण करत होता. काकू सगळ्यांपासून लांब बसल्या होत्या. मिस्त्रीने मला गर्दीच्या मधोमध उतरवलं आणि हाक मारली, "काकू, जरा याच्या घशात हात घाला बरं."

काकूंनी उशी ओढून काढली. कुजलेली, पण निळ्या काठाची आणि त्यावर हॉटेलचं नाव विणलेलं. पुढच्या रांगेतले लोक ते नाव मोठ्याने वाचू लागले.

"हे बघा, गैरसमज—" मालकाने तोंड उघडलं, आणि काकूंनी दांडा फिरवला. मी असा ओरडलो, असा ओरडलो, की त्याने कान झाकले! मी थांबलो, की तो बोलू लागे; तो बोलू लागला, की काकू दांडा फिरवत. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! शेवटी काकूंचे हात थकले. तेव्हा गर्दीतून वहिनी पुढे आली, काकूंच्या हातांवर स्वतःचे हात ठेवले, आणि दोघींनी मिळून दांडा फिरवला.

मित्रांनो, लहानांना क्षमा शिकवावी, हे मला ठाऊक आहे. ती तुम्हाला दुसरं कोणीतरी शिकवेल. मला आता धक्क्यावरच्या एका खांबावर बसवलंय, ती उशी त्याच खांबाला खिळ्याने ठोकली आहे आणि हॉटेलमालकाचा रस्ता तिथूनच जातो. तुमच्या गावात माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला तेल द्या, पुसा, आणि अधूनमधून त्याच्या घशात हात घालून बघा. वाट बघणाऱ्या माणसाला ऐकू जाईल असं ओरडायला मला एकदाच उशीर झाला, आणि आता रोज ओरडलो तरी तो दार उघडून बाहेर येत नाही.