हौद्यावर एकही डाग नव्हता

पिकअप बघायला तलासरीला जाताना मी रूपेशला बजावलं होतं, तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. माझा नवरा माणूस फार चांगला, पण कोणी चहा पाजला की त्याला त्या माणसाचं सगळंच पटायला लागतं. आणि हायवेच्या कडेला जुन्या गाड्या विकणारा मुकेश चहा पाजणार हे ठरलेलंच होतं.

तात्यांच्या वाडीत मी आठ वर्षं चिकू निवडलेत. मोठा इकडे, बारका तिकडे, फुटका बाजूला. निवडलेला माल हायवेपर्यंत न्यायला तात्या दरवर्षी भाड्याची गाडी लावतात. या वर्षी मी त्यांना सरळ विचारलं, "गाडी माझी असली तर?" वाडीतल्या बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. तात्या हसले नाहीत.

"रोज साठ क्रेट," ते म्हणाले. "येत्या सोमवारपासून. सकाळी सहाला गाडी वाडीत उभी पाहिजे. नसली तर मी दुसऱ्याची लावीन, मग रडत यायचं नाही."

लायसन मी दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं. गाडी तेवढी बाकी होती.

मुकेशकडे गेल्यावर मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं. म्हणजे आम्ही यायच्या आधीच त्याने इंजिन चालवून ठेवलं होतं. म्हटलं, "थंड होऊ दे. बसतो आम्ही." तास गेला, रूपेशचे तीन चहा झाले. मग थंड इंजिनाला चावी मारली. पहिल्या झटक्यात सुरू झालं, धूरही सोडला नाही. ऑइलची पट्टी काढून बोटांत ऑइल चोळून बघितलं, पाण्याचं झाकण उघडून बघितलं, टायरची नक्षी बघितली, आरसी बुकातला नंबर इंजिनावरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघितला. मोबाइलचा टॉर्च मारून खाली वाकले, तर सगळं काळं चकचकीत.

"वाडीवाल्याची गाडी छे, बेन," मुकेश म्हणाला. "चार वरस चिकू सिवाय काय भरलाच नाय. हौदा बघून घ्या, आरसा आहे आरसा."

मी हौद्याच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. एक डाग नाही. खाली ताडपत्री घालून माल भरत असेल, किती निगुतीचा मालक, असं मनात आलं. बुधवारी गाडी रानशेतला आमच्या दारात आली.

आमच्या पाड्यात नवी गाडी आली की पहिली फेरी महालक्ष्मीला. रूपेशने परस्पर सगळ्यांना सांगूनही टाकलं की रविवारी जायचं, हौद्यात वीसेक माणसं सहज मावतील. मी म्हटलं, ऑइल बदलल्याशिवाय आणि ग्रीस भरल्याशिवाय या गाडीत कोणी बसणार नाही. शेजारची हिराबाई ओट्यावरून ओरडली, "देवीपेक्षा तुझं ग्रीस मोठं झालं का गं?"

"देवी थांबेल," मी म्हटलं. "बेअरिंग नाही थांबत."

शनिवारी सकाळी कामाला लागले. ऑइल बदललं, एअर फिल्टर झटकला, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. मागचा डावा दिवा लागत नव्हता म्हणून त्याची काच खोलली. आत, बल्बच्या मागे, नखाएवढं काहीतरी चिकटलं होतं. उन्हात धरलं तर चमकलं. माशाचं खवलं.

"एखाद्या वेळी नेला असेल मासा," रूपेश म्हणाला.

मी माझे हात बघत होते. आठ वर्षं दर संध्याकाळी मी या हातांवरचा चिकूचा चीक तेल लावून चोळते आहे, तरी बोटांच्या पेरांतला काळेपणा जात नाही. साडीवर पडला तर साडी गेली. क्रेटवर पडला तर क्रेट फुटेपर्यंत डाग राहतो. चार वर्षं चिकू वाहिलेल्या हौद्यावर चिकाचा एकही डाग नाही, आणि ते मला, चिकू निवडणारीला, चांगलं लक्षण वाटलं! दुसरं कोणी फसलं असतं तर एक वेळ ठीक. मला माझाच इतका राग आला की मी हातातला पाना अंगणात भिरकावला. कोंबड्या उडाल्या. मग जाऊन तो उचलून आणला, कारण पाना मागून आणलेला होता.

तारेचा ब्रश घेऊन मी गाडीखाली शिरले. मागच्या चाकाजवळ, जिथे स्प्रिंगचे पाटे चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला बसतात, तिथे घासायला सुरुवात केली. आधी काळा रंग निघाला. मग रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे निघायला लागले, तोंडावर, डोळ्यांत. आणि मग केसासारखी एक रेघ दिसली. बोटाने पुसली तरी पुसली जाईना. नख घातलं तर नख आत गेलं.

आशागडला माझ्या वडिलांच्या चुलतभावाचं, लहान्याकाकाचं गॅरेज आहे. गाडी रिकामीच, अगदी हळू, तिथपर्यंत नेली. काका खाली झोपला, हातोडीने चॅसी पुढून मागे ठोकत गेला. पुढे टण् टण् वाजत होती. मागे आल्यावर थप् वाजली.

"किनाऱ्याकडची गाडी हाय पोरी," तो खालूनच म्हणाला. "मासळी वाहिली हिनं. बर्फाचं खारं पाणी गळत ऱ्हातं, ते चॅसीत शिरतं, बाहेर निघत नाय. हौदा नवा टाकलाय नं खाली रंग मारलाय."

"साठ क्रेट उचलेल?"

"आठ दिस उचलंल. म्हैनाबी उचलंल. मग एक दिस खड्ड्यात आदळली का मागचा भाग बसंल खाली."

"दुरुस्त?"

"वरून टाका मारून नाय होनार. हौदा उतरवायचा, सडलेलं कापायचं, आतून-बाहेरून जाड प्लेटी लावायच्या. तीन आठवडं." तो बाहेर आला, हात पुसले. "नायतर ज्याची त्याला देऊन टाक."

मला ते एकदम पटलं. रविवारी सकाळी गाडी तलासरीला मुकेशच्या दारात नेऊन उभी केली आणि मी जे बोलायला सुरुवात केली ते समोरच्या टपरीवरची माणसं चहा सोडून ऐकायला आली. चहा आला तेव्हा रूपेशने नको म्हटलं. त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा मला फार अभिमान वाटला.

मुकेशने आधी "मने खबर नथी", मला काही माहीतच नव्हतं, असं लावलं. मग मी खवलं त्याच्या टेबलावर ठेवलं. तो खवल्याकडे बघत राहिला आणि मग एकदम मऊ झाला. "गरम नका होऊ बेन. गाडी पसंत नाय, तर ठेवून जा. पैसे आजच परत घ्या. बस?"

इतक्या सहज? मी रूपेशकडे बघितलं. त्याचाही विश्वास बसत नव्हता. मी चावी टेबलावर ठेवली. सोमवारपर्यंत दुसरी गाडी मिळणार नव्हती, पण निदान बुडालो तरी नव्हतो.

तेवढ्यात आतल्या खुर्चीवरून पांड्या उठला. पांड्याला आमच्याकडे कोण ओळखत नाही? सकाळी नाक्यावरून माणसं भरून संजाण, उंबरगावच्या कंपन्यांत नेतो, संध्याकाळी आणून सोडतो. त्याला दुसरी गाडी हवी होती. त्याने चावी उचलली आणि मला म्हणाला, "बरं झालं निलम, तूच आणलीस."

"पांड्या, हिची चॅसी फाटली आहे," मी म्हटलं. "मागे, पाट्याजवळ. चल, दाखवते."

"वेल्डिंग मारून घेतो ना."

"वेल्डिंगने नाही होणार. आतून सडली आहे."

"अगं, मला काय दगड भरायचेत? माणसंच तर न्यायची आहेत."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. मनात वाईट काही नव्हतं, हेच मला जास्त लागलं. वाडीत लागण्याआधी मी दोन वर्षं त्याच्या हौद्यात उभी राहून गेले आहे. तीस-तीस जणी, दोराला धरून, डबे पायांत. खड्डा आला की सगळ्या एकदम हसायच्या. हौद्याखाली काय आहे ते आमच्यातल्या एकीनेही कधी बघितलं नव्हतं.

मी पांड्याच्या हातातून चावी काढून घेतली.

"नाही द्यायची मला गाडी परत."

"निलम!" रूपेश म्हणाला.

"घेऊन जा," मुकेश म्हणाला. "पण परत अहीं यायचं नाय. आता तुम्ही बघून घेतली."

"आता बघून घेतली," मी म्हटलं.

परत येताना आशागड जवळ आलं. रूपेश म्हणाला, "तीन आठवडे." मी म्हटलं, "तीन आठवडे." गाडी लहान्याकाकाच्या गॅरेजात लावली. त्याने डोक्याला हात लावला, पण जाड प्लेटी आणायला लगेच माणूस पाठवला.

संध्याकाळी तात्यांकडे गेले. सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. चिकाचं ऐकून ते हसले, आणि त्यांनी हसू नये असं मला फार वाटलं. मग म्हणाले, "उद्याचं मी दुसऱ्याला सांगतो. तुझी झाली की आण. तोवर त्याचं काम चांगलं निघालं, तर मी त्याला काढणार नाही, हे आत्ताच सांगतो." बरोबरच होतं. तरी घरी येईपर्यंत माझे डोळे भरून येत राहिले आणि मी ते पुसत राहिले. मी गाडीवर जाणार म्हणून वाडीत माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली होती, तीही मीच शिकवलेली.

प्लेटी फुकट येत नाहीत. सोमवारी सकाळी डबा घेऊन मी नाक्यावर उभी राहिले. हिराबाई होती, आणखी पंचवीस-तीस जणी होत्या. कोणीतरी म्हणालं, "गाडीची मालकीण आली." सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार.

पांड्याची जुनी गाडी आली. हौद्याचा मागचा फाळका खाली पडला. हिराबाईने एक पाय टायरवर ठेवला.

"थांब गं," मी म्हटलं.

डबा तिच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि रस्त्यावर आडवी झाले. "मी खालून बाहेर येईपर्यंत कोणी चढायचं नाही."

"ए निलम, नाटकं करू नको, उशीर होतोय!" पांड्याने केबिनमधून हॉर्न मारला.

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि मागच्या पाट्याकडे सरकले. गंजाची माती चेहऱ्यावर पडली. पांड्याचा हॉर्न थांबेना. गाडीखालून मला फक्त पाय दिसत होते, चपला घातलेले, धुळीने भरलेले. हिराबाईचा टायरवरचा पाय खाली आला. हॉर्न वाजत राहिला आणि त्यातला एकही पाय जागचा हलला नाही.